कारखान्याचं पाणी

अण्णा, तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला काही विचारायला बसले आहे. आधी रोजच्या वहीत लिहून बघितलं. पण वहीत प्रश्न लिहिला की उत्तरही मीच देते, आणि माझ्या उत्तरांवर सध्या माझा विश्वास नाही. म्हणून हे सुटे कागद घेतले.

मी काय काम करते हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी औरंगाबादला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आता मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात जुने फोटो सांभाळते. सांभाळते म्हणजे रंग भरून नवे करत नाही, ते आहेत त्याहून जास्त बिघडू नयेत एवढंच बघते. कागद कशानं पिवळा पडला, बुरशी कुठून शिरली, चेहरा का विरत चाललाय, हे शोधायचं आणि नीट लिहून ठेवायचं. या कामात माणूस संशयी होतो. समोर आलेल्या प्रत्येक फोटोकडं मी आधी, याला कुणी काय केलं असेल, अशाच नजरेनं बघते. वीस वर्षं ही नजर परक्या लोकांच्या फोटोंवर होती, त्यामुळं तिचा त्रास झाला नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. त्यासाठी आपल्या भागातल्या साखर कारखान्याच्या जुन्या चेअरमन साहेबांच्या घरून एक अल्बम आला होता. उघडला, आणि तिसऱ्याच पानावर तुमचं काम. टँकरच्या तोटीला हात लावून उभे असलेले साहेब, समोर घागरी घेतलेल्या बायांची रांग. सुटा करून उलटा केला तर मागं आपल्या स्टुडिओचा गोल शिक्का. फोटो जसाच्या तसा. साहेबांच्या टोपीची घडीसुद्धा दिसते. मी सहकाऱ्यांना म्हटलं, तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर आहे, पण धुलाई बघा. तो माझा बाप आहे हे मात्र सांगितलं नाही. फुकटचा मोठेपणा नको, असं तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आता वाटतं, फोटो इतका चांगला टिकलेला बघून तेव्हाच मनात कुठंतरी काही हललं असावं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ संग्रहालयातल्या माझ्या कामाच्या खोलीत आले. पन्नाशीचे, बँकेत अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट. खाली प्रदर्शनात टँकरचा फोटो आणि त्याखालचं कळंबचं नाव वाचून ते घरी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या फाइलमध्ये एकच फोटो घेऊन परत आले होते. त्यांनी तो टेबलावर ठेवला. पाझर तलावाच्या कामावरची एक बाई, डोक्यावर चुंबळ, कमरेशी रिकामी पाटी. एवढं कळत होतं, बाकी सगळं फिक्या पिवळ्या रंगात विरलं होतं. चेहऱ्याच्या जागी ओल्या भिंतीवर येतो तसा एक डाग.

"माझी आई," ते म्हणाले. "मी औरंगाबादला बोर्डिंगात होतो. तिनं कुणाकडून तरी पत्ता लिहून घेऊन टपालानं पाठवला. त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली. दुसरा फोटो नाही."

मी फोटो उलटा केला. तोच गोल शिक्का.

"मॅडम कुठल्या?"

"कळंबच्या," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

मग त्यांची भाषा सैल झाली. "मग तुम्हाला काय सांगायचं. तेच गाव, त्योच फोटोवाला, दिवस बी त्योच. टँकर आला त्या दिवशीच हा कामावर आला होता, आईनं सुट्टीत सांगितलेलं. आता खालचा फोटो बघा अन् ह्यो बघा."

मी म्हटलं, फोटो कुठं ठेवला होता त्यावरही असतं. ऊन, ओल, उदबत्तीचा धूर.

"वहीत ठेवला, मग कपाटात. ऊन लागंल म्हणून भिंतीला कधी लावला न्हाय." ते हसले. "आमच्या वस्तीत अजून दोघांकडं हायत त्या दिवसाचे. सगळ्यांच्या आया पिवळ्याच. फोटोवाला हुशार व्हता मॅडम. कुणाला किती दिवस टिकवायचं ते त्याला बरोबर ठाव व्हतं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, एक चाचणी करावी लागेल, पांढऱ्या कडेवर बारीक डाग राहील, चालेल का. ते म्हणाले, "आता अजून काय डाग पडायचाय." जाताना दारात थांबून, माझ्याकडं न बघता, ते म्हणाले, "त्या फोटोवाल्याला पोरगी होती म्हणे एक. फोटो धुवायला तीच बसायची, आई सांगायची." आणि गेले. त्यांना माहीत होतं का, अण्णा? माझं आडनाव लग्नानंतरचं आहे. पण माझं कपाळ आणि नाक तुमचं आहे, आणि त्यांनी तुम्हाला गावात बघितलेलं असणार. तेव्हापासून मी त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या मागं दुसरं वाक्य शोधत बसते.

चाचणी साधी आहे. फोटोतला काळा रंग म्हणजे बारीक चांदी. फोटो पक्का करायला आपण हायपोत बुडवतो, आणि मग तो हायपो पाण्यानं पूर्ण धुऊन काढावा लागतो, नाहीतर कागदात राहून तो वर्षानुवर्षं ती चांदी खात राहतो. कडेवर एक थेंब टाकायचा, आत हायपो असेल तर थेंब तपकिरी होतो. त्यांच्या आईच्या फोटोवरचा थेंब बघता बघता कोऱ्या चहासारखा झाला. रीतसर परवानगी घेऊन मी तोच थेंब साहेबांच्या फोटोवर टाकला. तिथं जेमतेम पिवळसर छटा आली. मी इतर कारणंही तपासली, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. हायपो जुना झालेला असेल म्हणावं, तर तो दोघांनाही तोच. कागदही त्याच जातीचा. फरक फक्त पाण्यात होता. अहवालात मी लिहिलं, "दुष्काळातील पाणीटंचाईमुळे अपुरी धुलाई." यातला एकही शब्द खोटा नाही. पण तेच पाणी साहेबांच्या फोटोला कसं पुरलं, हे त्या वाक्यातून कुणाला विचारता येत नाही, आणि ते तसं व्हावं म्हणूनच मी ते वाक्य तसं रचलं की काय, असं मला वाटतं.

आपलं स्वयंपाकघर मला स्वच्छ आठवतं, निदान आठवतं असं वाटतं. कोपऱ्यात काळ्या कापडाचा आडोसा करून तुम्ही डार्करूम केली होती, खिडकीला घोंगडं. तुम्ही आत असलात की आई परसात चूल मांडायची. मी अकरा वर्षांची आहे. आडोशाखालून तुम्ही ट्रे सरकवता, मी तो उचलून मोरीत नेते. पितळी परातीत फोटो, त्यावर पाणी, हलवायचं, ओतायचं, पुन्हा पाणी. सहा पाणी, हा तुमचा नियम. सहावं झालं की तुम्ही बाहेर येऊन फोटोचा कोपरा उचलता आणि निथळणारा थेंब जिभेवर घेता. गोडसर लागला तर हायपो आत आहे, काहीच लागलं नाही तर वाळत घाला. असं चाखणं बरं नव्हे हे मी आता शिकाऊ मुलांना सांगते, पण तुमची जीभ चुकत नव्हती. मलाही तुम्ही ते शिकवलंत. एरवी कुणाचं कौतुक न करणारे तुम्ही, एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "पोरीची जीभ माझ्यापेक्षा चांगली हाय." त्या दिवशी शाळेत मी कुणाशी साधेपणानं बोलले नाही.

त्या वर्षी आडात दोर सोडला तर बादली दगडावर वाजायची. जेवायला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी, शाळेत सुकडी. आणि आपल्या दारात मात्र पाण्यानं भरलेलं एक लोखंडी पिंप. जीप उभी आहे. ड्रायव्हर पायरीवर बसून बिडी ओढतोय आणि सारखं म्हणतोय, "आटपा अण्णा, साहेब धाराशिवला निघालेत, फोटो संगट न्यायचेत." तुम्ही आतून म्हणता, "आधी कारखान्याचे." मी साहेबांच्या फोटोंना सहा पाणी देते. ओतलेलं पाणी टाकायचं नाही, घमेल्यात धरायचं. जीप जाते. मग त्या बायांचे फोटो येतात, आणि मी ते घमेल्यातल्या पाण्यात सोडते. म्हणजे ज्यात साहेबांच्या फोटोंचा हायपो उतरला आहे त्या पाण्यात. त्यात दोन वेळा हलवले. मग मी कोपरा जिभेला लावला आणि म्हटलं, "अण्णा, अजून गोड लागतंय." आडोशामागून तुमचा आवाज आला, "राहू दे. वाळव."

हे मी जसं आठवतं तसं लिहिलं. पण तपकिरी थेंब बघण्याआधी मला यातलं किती आठवत होतं? परात, घोंगडं, चाखणं, हे सगळं आठवत होतं. "राहू दे, वाळव" हे मी कुणाला कधी सांगितल्याचं माझ्या एकाही वहीत नाही. मी सोळाव्या वर्षापासून वही लिहिते, अण्णा, आणि त्यात तुम्ही पानोपानी आहात. पुरावा समोर आल्यावर माणूस त्याला जुळणारी आठवण तयार करतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

म्हणून मी कळंबला गेले. आई ओट्यावर बसून तूर निवडत होती. मी सरळच विचारलं.

"बहात्तरला फोटो धुवायला पाणी कुठलं होतं गं?"

"पाणी कुठलं असंल? आडाला खडखडाट."

"मग साहेबांच्या फोटोंना?"

"ते त्यांच्याच टँकरचं. ड्रायव्हर पिंप भरून द्यायचा. त्यांचं पाणी त्यांच्या फोटोला. ह्यांचं वागणं चोख व्हतं त्या बाबतीत, दुसऱ्याच्या पाण्याला हात न्हाय लावायचे."

"आपण प्यायलो नाही त्यातलं?"

तिचे हात थांबले. "प्यालो की. तहान लागल्यावर कारखान्याला अर्ज करीत बसायचं व्हय?"

"म्हणजे आपल्याला प्यायला चालत होतं. फक्त त्या बायांच्या फोटोंना चालत नव्हतं."

"तू मुंबईला फोटो पुसतीस का कोर्टात जातीस?" ती म्हणाली आणि सूप माझ्याकडून वळवून बसली.  सुपातली तूर निवडून झाल्यावर ती आपणहून बोलली. "त्यातली एक आली व्हती फोटो न्यायला. पायरीवर टेकली. पाणी मागितलं, तर दिलं मी. त्याच पिंपातलं दिलं."

"वरून ओतलंस?"

"तवा तसंच व्हतं," ती म्हणाली. मग सुपातला एक खडा काढून टाकत, "फोटो बघून लई हसली बिचारी. म्हणली, म्या अशी दिसते व्हय."

 त्या पाण्याची धार आणि तिच्या ओंजळीतून गळणारं पाणी मला आठवत नाही, म्हणजे मी तिथं नव्हते किंवा ती बघण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटलं नाही. दुसरं जास्त खरं असावं.

माळ्यावर तुमची पत्र्याची पेटी होती. बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, प्रत्येकावर तुमचं बारीक अक्षर. एका पाकिटावर "कारखाना, टँकर". तुमच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो यायचे. पहिल्या सातांत साहेब, टँकर, रांग. शेवटच्या पाचांत पाझर तलावावरच्या पाच बाया, एकेकटी उभी करून काढलेल्या. त्यात ती आहे. निगेटिव्ह धुण्याचं काम तुम्ही कुणाला देत नव्हतात, त्यामुळं बाराही सारखेच स्वच्छ आहेत. त्या पाच जणींचे फोटो काढायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना कागदही तुम्ही तुमचाच वापरला. एरवी मी हा तुमचा चांगुलपणा मानला असता, आणि अजूनही मानायची इच्छा आहे. पण पाकीट हातात घेऊन माळ्यावर बसले असताना मला सुचलं ते असं, की जीप थांबलेली, फोटो आजच हवेत, आणि रोल पुरा झाल्याशिवाय तो बाहेर काढायची तुमची पद्धत नव्हती. पाच फोटो उरले होते. समोर बाया होत्या.

हे सुचल्याची मला लाज वाटते, आणि ते खोटं आहे असंही म्हणवत नाही. पुढं पाऊस झाला, ऊस आला, कारखान्याचं धुराडं पुन्हा पेटलं, दरवर्षीच्या सभेचे फोटो तुमच्याकडं आले, आपल्या मोरीत नळ आला, आणि मी औरंगाबादला शिकायला गेले. चेअरमन साहेब स्टुडिओत आले की तुम्ही खुर्ची पुसून द्यायचात. मी ते बघून वैतागायचे आणि सुट्टी संपली की त्याच घरातून फी घेऊन जायचे. तुमच्यावर संशय घेणारी ही जी माझी नजर आहे, ती शिकायला मी ज्या बसनं गेले तिचं तिकीटही त्याच खुर्चीतून आलं होतं.

निगेटिव्ह मी मुंबईला आणली. संग्रहालयाच्या डार्करूममध्ये, दुपारच्या सुट्टीत, कुणाला न सांगता एक प्रिंट काढली. ट्रेमध्ये कागद पडला आणि आधी चुंबळ आली, मग भुवया, मग उन्हानं बारीक झालेले डोळे. बाई कॅमेऱ्याकडं बघून हसतेय, एका बाजूचा दात पडलेला आहे. त्यांच्या लेकाच्या जिवणीची ठेवण अगदी तीच. वाहत्या नळाखाली तासभर धुतली. सगळं मिळून दीड तासाचं काम.

त्याला तीन आठवडे झाले. मधल्या काळात त्यांचा दोनदा फोन आला. "काय लागलं का हाताला, मॅडम?" आणि मी दोन्ही वेळा म्हणाले, "शोधतेय." ती प्रिंट माझ्या टेबलाच्या खणात होती. मी स्वतःला सांगत होते की कागद नीट वाळायला हवा, दाबून सपाट करायला हवा, पाकीट करायला हवं. खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्याकडं फक्त पिवळा फोटो आहे तोवर दोष दुष्काळावर टाकता येतो. हा चेहरा त्यांच्या हातात दिला की निगेटिव्ह चांगली होती हे सिद्ध होतं, मग बिघडलं ते धुण्यात, आणि धुणं आपल्या घरात. तुमच्यावरचा आरोप त्यांना मीच लिहून दिल्यासारखं होईल. म्हणजे तीन आठवडे एका माणसाला त्याच्या आईचा चेहरा मी तुमच्या नावासाठी अडवून धरला. साहेबांसमोर खुर्ची पुसणाऱ्या माणसाला मी ज्यासाठी नावं ठेवायचे, त्याहून हे वेगळं कसं?

आज सकाळी मीच त्यांना फोन केला आणि उद्या अकरा वाजता बोलावलं. ते म्हणाले, "सापडलं?" मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "तोंड दिसतंय का?" मी पुन्हा हो म्हटलं. ते आणखी काही विचारतील असं मला वाटलं, पण त्यांनी वेळ पक्की करून फोन ठेवला. त्यांच्या वस्तीतल्या त्या दोघांच्या आयांचेही फोटो मी काढून ठेवलेत, आणि ज्यांचं कुणी आलं नाही त्या दोघींचेही. पाचही एका पाकिटात आहेत. निगेटिव्हही त्यांनाच द्यायची आहे, ती आपल्याकडं ठेवण्यासारखं काही कारण मला उरलेलं दिसत नाही. आईला हे सांगितलेलं नाही.

उद्या त्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. फोटोवाला माझा बाप होता, निगेटिव्ह आमच्या घरी होती, आणि धुवायला बसणारी पोरगी मी. दार लावून घेऊन मी हे मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिल्यांदा म्हटलं ते "अण्णांनी सांगितलं म्हणून" असं सुरू झालं. दुसऱ्यांदा ठरवून दुसरीकडून सुरुवात केली, तर दुसऱ्याच वाक्यात तुम्ही आलात. हे कागद कुठं धाडायचे नाहीत, तेव्हा इथं खोटं लिहून काय करू. तुम्ही काय म्हणालात, किंवा काही म्हणालात का, याची मला खात्री नाही. अर्धवट धुतलेले फोटो वाळायला दोरीला मी लावले, याची आहे. उद्या तोंड उघडेन तेव्हा आधी हे वाक्य निघेल की तुमचं नाव, हे मला अजून सांगता येत नाही.